ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरून बघितलं: आज्जीचं शहापूर नेमकं कुठल्या राज्यात घालायचं?

वंशावळ कॉम्प्युटरवर घालायचं खूळ माझ्या डोक्यात भरलं ते आमच्या हेळव्यामुळं, म्हणजे दारोदार जाऊन घराण्यांची वंशावळ वहीत ठेवणारा माणूस. मागच्या सुगीला दारात आला, चहा झाला, वही काढली अन् आमच्या घराण्याच्या नऊ पिढ्या घडाघडा वाचून दाखवल्या, वर जाताना पायलीभर जोंधळे घेऊन गेला. मी सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं अन् म्हटलं आता हे नीट कुठंतरी उतरवून ठेवायचं, वहीला वाळवी लागली तर काय करणार.

पहिल्यांदा एका पैसे भरून वापरायच्या वेबसाईटवर गेलो, नाव सांगत नाही, जाहिरात सगळीकडं दिसते तीच. तिथं गाव टाइप करायला घेतलं की खाली यादी येते अन् त्यातलंच एक निवडायचं. आज्जीचं माहेर शहापूर म्हणून शहापूर घातलं तर यादगीर जिल्ह्यातलं आलं, ठाणे जिल्ह्यातलं आलं, आमचं काही येईना, कारण आमचं आता बेळगाव शहरातच जमा झालंय. शेवटी कंटाळून बेळगाव निवडलं अन् प्रिंट काढली तर काय, ‘जन्म १९३८, बेळगावी, कर्नाटक’. हौसेनं ती प्रिंट बाबांच्या मामांना दाखवायला नेली. मामा म्हणजे आज्जीचे धाकटे भाऊ, अजून शहापुरातच असतात, कपिलेश्वरचा ब्रिज उतरलं की पाच मिनिटांवर. त्यांनी चष्मा लावून वाचलं अन् कागद परत दिला. "ताईच्या जन्माला कर्नाटक कुठलं रे? आम्ही सांगली संस्थानची माणसं, पटवर्धन सरकारची." झालं, चहा घेऊन परत.

मामांचं बरोबरच होतं की. शहापूर बेळगावला खेटून असलं तरी ते सांगली संस्थानात, अन् बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. १९४८ ला संस्थान विलीन झालं तसं शहापूर मुंबई राज्यात आलं, १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्ह्याबरोबर म्हैसूर राज्यात गेलं, १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. मामा आपल्या घरातून हलले नाहीत, तरी पत्त्याच्या शेवटच्या ओळीत चार नावं होऊन गेली. हे सगळं एका ओळीत कसं बसवणार?

मग एका मित्रानं ग्रॅम्प्स सांगितलं. फुकट आहे, ओपन सोर्स, विंडोज लिनक्स मॅक कशावरही चालतं अन् डेटा आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो, जातीपातीची अन् जमिनीची माहिती असलेली वंशावळ कुठल्या परक्या सर्व्हरवर पडत नाही हे मला बरं वाटलं. दिसायला मात्र जुन्या तलाठी ऑफिसातल्या कॉम्प्युटरसारखं आहे, पहिले दोन दिवस काय कुठं दाबायचं कळत नाही. तरीपण त्यातली जागांची सोय बघितली अन् मी बाकीचं सगळं माफ केलं.

इथं गाव म्हणजे नुसता टाइप केलेला मजकूर नसतो. प्रत्येक गावाची स्वतंत्र नोंद करायची, अन् ते गाव कशाच्या पोटात आहे ते दाखवायचं, अन् त्या पोटात असण्याला तारीख घालता येते! म्हणजे शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानच्या पोटात, पुढं बेळगाव जिल्ह्याच्या. बेळगाव जिल्हा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबईच्या पोटात, दुसऱ्या दिवसापासून म्हैसूरच्या. जिल्ह्याला हे एकदाच सांगायचं, त्याच्याखालच्या गावांना परत परत सांगावं लागत नाही. जागेचा प्रकारसुद्धा आपल्या मनानं घालता येतो, मी संस्थान, तालुका, पेठ, गल्ली असे घातलेत.

यात मी एक घोळ घातला तो सांगतो म्हणजे तुम्ही घालणार नाही. म्हैसूर एक राज्य अन् कर्नाटक दुसरं राज्य अशा मी दोन नोंदी केल्या, अन् बेळगाव जिल्हा १९७३ ला एकातनं काढून दुसऱ्यात ठेवला. मग धारवाडची पाहुणी मंडळी, विजापूरची मंडळी, सगळ्यांचे जिल्हे एक एक करून उचलायला लागलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. १९५६ ला आपला जिल्हा खरंच एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात गेला, पण १९७३ ला कोण कुठं गेलं नाही, नुसती पाटी बदलली. पाटी बदलली की त्याच नोंदीला दुसरं नाव अन् तारीख जोडायची, नवीन नोंद करायची नाही. दोन्ही नोंदी मर्ज केल्या, पाच मिनिटांत काम झालं. बेळगावचं सरकारी नाव २०१४ ला बदललं तेसुद्धा असंच, नुसती पाटी, अन् तारीख तीच, १ नोव्हेंबर. दरवर्षी त्या दिवशी आमच्या गल्लीत काळा दिन (१९५६ ला म्हैसूर राज्यात घातल्याचा निषेध), अन् इथं मी तीच तारीख परत परत टाइप करत बसलेलो, बायको म्हणाली आता पुरे करा.

नावाबरोबर भाषाही घालता येते. म्हणून मराठी नाव बेळगाव, कन्नड नाव बेळगावी, इंग्रजी कागदावरचं बेलगाम अशी तिन्ही एकाच गावाखाली सुखानं राहतात, बाहेर राहत नाहीत तशी. चिकोडी इंग्रजीत कोण एका ‘के’नं लिहितं कोण दोन ‘के’नं, निपाणीच्या ‘पी’चं तेच, सगळी स्पेलिंगं जोडून ठेवली की जुना दाखला हातात आला तरी हुडकताना गाव गावतं. जुन्या स्पेलिंगसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ चा बेळगाव खंड बघा, तालुकेसुद्धा त्यात जुनेच मिळतात, आताच्या बैलहोंगलच्या जागी संपगाव अन् सौंदत्तीच्या जागी परसगड.

आज्जीचं लग्न १९५५ चं, दिलं चंदगड तालुक्यात. सगळ्या तारखा घालून झाल्यावर लग्नाची नोंद उघडली तर ग्रॅम्प्सनं आपोआप लिहिलं, चंदगड, बेळगाव जिल्हा, मुंबई राज्य. मी आधी म्हटलं चुकलं, चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात की. मग लक्षात आलं, पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातनं एक चंदगड तालुका तेवढा वगळून मुंबई राज्यात ठेवला, तो तेव्हा कोल्हापूरला जोडला गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे लग्नात माहेर सासर एकाच जिल्ह्यात, अन् वर्षभरात पोरगीचं माहेर दुसऱ्या राज्यात. घरात हे कोणी कधी बोललं नव्हतं, मला सॉफ्टवेअरनं सांगितलं.

आता नकाशा. प्रत्येक जागेला अक्षांश रेखांश आपण स्वतः घालायचे (बेळगाव १५.८५, ७४.५० च्या आसपास), मग ओपनस्ट्रीटमॅपवर माणसामाणसाचा प्रवास ठिपक्यांनी दिसतो. हेळव्याच्या वहीप्रमाणं आमचं मूळ गाव हुन्नूर, हिडकल धरणाच्या पाण्यात गेलेलं. तिथं ठिपका ठेवला तर तो निळ्या पाण्यात तरंगतो. दोन दिवस विचार केला काठावर घ्यावा का, मग तसाच ठेवला, उन्हाळ्यात पाणी उतरलं की विठ्ठलाचं देऊळ वर येतं तिथंच. पण मागचा नकाशा आजचाच असतो हे ध्यानात ठेवा, १९५५ ची हद्द रंगवून दाखवत नाही, तारखेप्रमाणं बदलतं ते नाव तेवढं.

अडचणी आहेत. शके चालत नाही. हिजरी आहे, ज्यू लोकांचं कॅलेंडर आहे, फ्रेंच क्रांतीचंसुद्धा आहे, आपलं नाही. आज्जीच्या पत्रिकेत शके १८६० कार्तिक होतं, ७८ मिळवून १९३८ केलं (माघ फाल्गुन असता तर ७९), अन् मूळ तिथी टीपेत लिहून ठेवली. दुसरं, पुण्याच्या चुलतभावाला त्याच्या प्रोग्रामसाठी जेडकॉम फाईल (एका प्रोग्राममधली वंशावळ दुसऱ्यात न्यायची ती) काढून दिली, तर एवढी रचलेली उतरंड त्यात स्वल्पविरामांच्या एका ओळीत सपाट. तो जेडकॉमचाच स्वभाव आहे, म्हणून मूळ फाईल अन् तिचा बॅकअप आपल्याकडं पाहिजेच. अन् वेळ लई जातो. साठ गावं घालायला मला पावसाळा गेला.

ज्यांची सगळी पिढी पुण्यात सदाशिव पेठेत गेली त्यांनी एवढी खटपट करू नये, साधं ॲप बास. सीमाभागातल्या, संस्थानातल्या, धरणात गाव गेलेल्या लोकांनी मात्र हेच घ्यावं. माझ्याकडनं पाचात चार.

नवीन प्रिंट घेऊन परत मामांकडं गेलो. ‘शहापूर, सांगली संस्थान’ वाचून मान हलवली, सुपारी कातरली, बोट खाली सरकवत स्वतःच्या नावापाशी थांबले. "दुकान खडे बाजार लिहिलंयस. कुठला खडे बाजार? बेळगावचा का आमचा?" परत येऊन लॅपटॉप उघडला, खडे बाजार एकच होता, अन् त्याच्याखाली दोन्हीकडची सतरा माणसं.