स्रोत बावीस, मालक किती?

पाचपैकी तीन तारे. त्यातला एक केवळ मोठ्या अक्षरांसाठी.

अ‍ॅपचं नाव देत नाही. बातम्या गोळा करून दाखवणारी अशी अ‍ॅप्स बरीच आहेत आणि दुखणं थोड्याफार फरकानं सगळ्यांचं सारखंच असावं. जाहिरातीत सांगितलं होतं की एकाच घटनेवर अनेक स्रोत वाचा, एकांगीपणातून सुटा. वर्षाची वर्गणी भरली, त्याला आता तीन महिने झाले.

पहिला आठवडा खुशीत गेला. जाहिराती नाहीत, एकदा वाचलेली बातमी परत समोर येत नाही आणि प्रत्येक बातमीखाली ऐटीत '२२ स्रोत' वगैरे लिहिलेलं. पण सव्वीस वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढलेल्या माणसाला बातमी आधी दिसत नाही, आधी चूक दिसते. बंदरातल्या एका आगीची बातमी वाचत होतो. पहिल्या परिच्छेदात जखमी अकरा, पाचव्यात तेरा. म्हटलं, कुणीतरी झोपेत पान सोडलंय. दुसरा स्रोत उघडला, तिथेही अकरा आणि तेरा. मग वही घेऊन बसलो आणि बावीसच्या बावीस उघडले. चौदा ठिकाणी अकरा-तेरा जसंच्या तसं होतं. सहा ठिकाणी मथळा बदललेला, खाली मजकूर तोच. स्वतःचा बातमीदार बंदरावर पाठवलेले फक्त दोघे. त्यातल्या एकानं क्रेनवरच्या कामगारांशी बोलून लिहिलं होतं की भोंगा उशिरा वाजला. ही बातमी यादीत सतराव्या नंबरावर होती.

आता एजन्सीची, म्हणजे सगळ्यांना बातम्या पुरवणाऱ्या वृत्तसंस्थेची, कॉपी लावणं हा काही गुन्हा नाही, रात्री दीड वाजता आम्हीही तेच करायचो. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी १८४६ मध्ये असोसिएटेड प्रेस काढली ती खर्च वाटून घ्यायलाच, आणि आजही ती सहकारी संस्था आहे. म्हणून आगीची बातमी सोडून दिली आणि अग्रलेख काढले. एका न्यायालयीन निकालावर सहा दैनिकांचे अग्रलेख मिळाले. चार अग्रलेखांचा शेवटचा परिच्छेद एकच, स्वल्पविरामासकट. एजन्सी अग्रलेख पुरवत नाही हो!

अ‍ॅपमध्ये 'स्रोताविषयी' असं बटण आहे. दाबलं, तर चार दैनिकांचे चार वेगळे प्रकाशक दिसले. गोष्ट तिथेच संपते. कंपन्यांच्या जाहीर नोंदी उकरत मी एक रविवार घालवला, तेव्हा त्यातल्या तीन प्रकाशकांची मूळ कंपनी एकच निघाली. वर्गणी मी भरायची आणि शोधही मीच घ्यायचा? युरोपीय संघाच्या माध्यम स्वातंत्र्य कायद्यानुसार ऑगस्ट २०२५ पासून वृत्तमाध्यमांना मालकांची नावं उघड करावी लागतात. त्यात आडून शेअर धरणारेही आले आणि ज्याच्या खिशात शेवटी लाभ जातो तोही आला. म्हणजे निदान तिथल्या माध्यमांची नावं अ‍ॅपनं नुसती उतरवून घ्यायची आहेत.

मालक न मोजता स्रोत मोजले की काय होतं, हे हंगेरीवरून कळतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या सरकारधार्जिण्या मालकांनी आपली चारशेहून जास्त माध्यमं 'केस्मा' नावाच्या एकाच प्रतिष्ठानाला देऊन टाकली. स्पर्धा नियामकानं चौकशी करू नये म्हणून डिसेंबरमध्ये सरकारनं हा व्यवहार 'राष्ट्रीयदृष्ट्या सामरिक महत्त्वाचा' ठरवला. पाट्या बहुतेक तशाच राहिल्या. आमच्या अ‍ॅपनं त्या मोजल्या असत्या तर बातमीखाली '४०० स्रोत' असं झळकलं असतं आणि मीही दोन क्षण भारावलो असतो. जर्मनीत टीव्हीपुरता हिशेब वेगळा आहे. एका कंपनीच्या सगळ्या वाहिन्या मिळून वर्षभरातला प्रेक्षकवाटा ३० टक्क्यांवर गेला की जनमतावर तिचं वर्चस्व आहे असं धरलं जातं. वाहिन्या दोन आहेत की बारा, त्यानं फरक पडत नाही. ३० हा आकडा बरोबर की चूक यावर वाद घाला, पण मोजायचं काय हे तरी त्यांना कळलंय.

यादीचा क्रम कसा लागतो तेही विचारलं. 'आपल्या आवडीनुसार' असं मदत पानावर आहे. कामगारांशी बोललेला बातमीदार सतराव्या नंबरावर असावा ही माझी आवड नव्हे. शेवटी कंपनीला पत्र लिहिलं की '२२ स्रोत' या आकड्याशेजारी '९ मालक' किंवा जो काय असेल तो दुसरा आकडाही छापा, आणि स्वतःचा बातमीदार पाठवलेल्यांना खूण करा. 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असं उत्तर आलं. आठ दिवसांनी दुसऱ्या विषयावर लिहिलं, तर उत्तरात तेच वाक्य.

वर्गणी संपेपर्यंत अ‍ॅप ठेवणार आहे, कारण सतराव्या नंबरावर का होईना, तो बातमीदार मला इथेच सापडला. त्याच्या छोट्या वृत्तस्थळाची वर्गणी आता वेगळी भरली आहे. अ‍ॅपमध्ये बातमी उघडली की थेट यादीच्या तळाला जातो आणि खालून वर वाचतो.