पॅनकेक का फ्रेंच टोस्ट?
राजेहो, सकाळच्या नाश्त्याले वॅफल, पॅनकेक का फ्रेंच टोस्ट, तिघांत भारी कोन, असा सवाल आहे. वॅफल तं पहिलेच बाद, त्याले खड्ड्याखड्ड्यांची मशीन लागते अन् आमच्या गावात सकाळी लाईन राहीन का नाई याचाच भरोसा नाई. राह्यले दोन. पॅनकेक म्हणजे मैदा, दूध, अंडं, बेकिंग पावडर, वर बुडबुडे फुटले का पलटवायचं, पण आमची आजी म्हणते हे तं धिरडंच आहे, नुसतं फुगलेलं, अन् गुळाच्या धिरड्याची चव काई त्याले नाई. फ्रेंच टोस्टले मात्र मानलं. फ्रेंचमध्ये त्याचं नावच 'वाया गेलेला पाव' असं आहे, बजाराच्या दिवशी आणलेला ब्रेड दोन दिवसात कडक झाला का दूध-अंड्यात बुडवा अन् तुपावर टाका, कडा कुरकुरीत, आत एकदम मऊ. ताजा ब्रेड नका घेऊ, हातातच लगदा होते. पोट्टे पॅनकेकच मागतात, मागू द्या, माझं मत टोस्टले.