मेन्यूलिब्र: आयकॉन दुरुस्त करतं, पण मागे एक प्रत सोडतं

मेनूतल्या आयकॉनवर क्लिक केलं, कर्सर चार-दोन सेकंद गरगरला आणि पुढे काहीच नाही. लिनक्सवरच्या या दुखण्यावर मेन्यूलिब्र हा मेनू बदलण्याचा छोटासा, मोफत संपादक-प्रोग्राम चांगला उतारा आहे. झुबंटू या उबंटूच्या भावंडात तो आधीपासूनच असतो. डेबियन किंवा उबंटूवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल मेन्यूलिब्र’ एवढं पुरतं.

प्रत्येक आयकॉनमागे ‘डॉट डेस्कटॉप’ नावाची साधी मजकुराची फाइल असते. मेन्यूलिब्र ती फॉर्मसारखी उघडून दाखवतं: नाव, कमांड, आयकॉन, वर्ग. यातली कमांडची ओळच बहुतेक वेळा नडते. तिथे घरच्या फोल्डरसाठी टिल्डचं चिन्ह किंवा ‘डॉलर होम’ चालत नाही, ‘स्लॅश होम’पासूनचा पूर्ण पत्ता लागतो. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरणात हवा. ॲपइमेज, म्हणजे इन्स्टॉल न करता एकाच फाइलमधून चालणारी ॲप्स, वापरणाऱ्यांची गोची वेगळीच: नवी आवृत्ती उतरवली की फाइलच्या नावातला आकडा बदलतो आणि आयकॉन जुन्याच नावाला हाका मारत बसतो. कायम नावाची सिमलिंक (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) करून कमांडमध्ये तीच द्यावी.

टर्मिनलमधून चालतं, आयकॉनवरून नाही, असं असेल तर पाथ, म्हणजे कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्यांची यादी, तपासा. ‘डॉट बॅशआरसी’ या टर्मिनलच्या सेटिंग फाइलमध्ये वाढवलेला पाथ मेनूला सहसा दिसतच नाही. मेन्यूलिब्रमधलं चाचणीचं बटण कामाचं आहे, पण मेन्यूलिब्र स्वतः टर्मिनलमधून उघडलं असेल तर चाचणीलाही टर्मिनलचाच पाथ मिळतो आणि नापास व्हायला हवं ते पास होतं. म्हणून ते मेनूतूनच उघडा.

चित्रच दिसत नसेल तर आयकॉनच्या रकान्यात दोनच गोष्टी चालतात: चित्राचा पूर्ण पत्ता, किंवा थीममधलं नाव, तेही ‘पीएनजी’ वगैरे शेपूट न लावता. डॉकमध्ये, म्हणजे ॲप्सच्या पट्टीत, ॲप उघडल्यावर शेजारी दुसरा, निनावी आयकॉन उगवत असेल तर खोट ‘स्टार्टअप डब्ल्यूएम क्लास’ या, खिडकी कोणत्या आयकॉनची ते सांगणाऱ्या ओळीत असते. खिडकीवर क्लिक करून ते नाव ओळखण्याची सोय इथे आहे, पण ती एक्स-इलेव्हन या खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेपुरती. वेलँड या नव्या व्यवस्थेच्या खिडक्यांना ती लागू पडत नाही. ग्नोम डेस्कटॉपमध्ये ऑल्ट-एफ-टू दाबून ‘एलजी’ टाइप करा, उघडलेल्या चौकटीतल्या ‘विंडोज’ या टॅबमध्ये नाव सापडतं.

आता खरी तक्रार. सिस्टीमची फाइल मेन्यूलिब्र हात न लावता ठेवतं. बदललेली प्रत घरच्या फोल्डरात ‘डॉट लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स’ इथे त्याच नावाने जाते. सुरक्षित, यात वाद नाही. पण सारख्या नावाच्या दोन फाइल्समध्ये घरची जिंकते. सहा महिन्यांनी अपडेटमध्ये प्रोग्रामचा पत्ता बदलला, नवी सिस्टीम फाइल बरोबर आली, तरी मेनू तुमची शिळी प्रतच वाचणार. लोक मग पॅकेज काढून पुन्हा टाकत बसतात. त्याने काहीच होत नाही, कारण पॅकेज काढताना घरच्या फोल्डराला कोणी शिवत नाही. ती एक फाइल उडवली की काम झालं. ‘इथे तुमची जुनी प्रत आहे’ अशी ठळक सूचना या संपादकाने द्यायला हवी होती.

बाकी शंका आली तर ‘डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट’ ही कमांड फाइलवर चालवा. चुकीची ओळ ती नेमकी दाखवते. मराठी लोकॅल (सिस्टीमची भाषा मराठी) ठेवणाऱ्यांनी आणखी एक बघावं: फाइलमध्ये चौकटी कंसात ‘एमआर’ लावलेली नावाची ओळ असेल, तर मूळ नाव हाताने बदलूनही मेनूत जुनंच मराठी नाव दिसत राहतं.

डेस्कटॉपवर ठेवलेल्या आयकॉनांसाठी मात्र हे साधन नाही. उबंटूवर तिथे उजवं क्लिक करून ‘अलाऊ लाँचिंग’ निवडावं लागतं.