बिल्टीवरचा रिकामा रकाना

गेल्या वर्षी मे महिन्यात लातूरचे बिऱ्हाड बेंगळुरूला हलवताना एका वाहतूकदाराने आमची जी फसवणूक केली, ती मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण लातूर-नांदेडकडून नोकरीसाठी पुणे, हैदराबाद, बेंगळुरू गाठणारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि शाळा सुरू होण्याआधी सामान पोहोचवण्याची घाई त्या सगळ्यांनाच असते.

दोन ठिकाणी आम्हाला 32 आणि 34 हजार रुपये भाडे सांगण्यात आले होते. तिसऱ्याने 19,500 सांगितले आणि 5,000 रुपये आगाऊ घेतले. एवढ्या लांबच्या प्रवासाचे डिझेल आणि चालक-हमालांची मजुरी यांचा हिशेब मांडला असता, तर हे भाडे परवडणारेच नाही हे तेव्हाच लक्षात आले असते. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्राचा होता, आणि तेवढ्यावर मी निश्चिंत झालो. तोच क्रमांक पुढे पोर्टलवर तपासला, तेव्हा तो भलत्याच व्यवसायाच्या नावावर निघाला.

सामान भरताना हमालांनी खोक्यांवर मार्करने आकडे टाकले, मात्र बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराने दिलेल्या मालाच्या पावतीवर, ‘घरगुती सामान, नग 42’ एवढेच लिहिले. कोणत्या नगात काय आहे याची यादी नव्हती आणि मालाच्या किमतीचा रकाना रिकामा होता. ‘विम्याचे आम्ही बघतो, साहेब,’ असे म्हणून त्यांनी सही मागितली आणि मी ती केली. विमा उतरवला असता, तर पॉलिसीचा कागद आमच्या हाती यायला हवा होता, हे मला त्या गडबडीत सुचले नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. सामान सोलापूरला दुसऱ्या गाडीत चढवले असून ई-वे बिल (जीएसटीखालील मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला), राज्याच्या सीमेवरचा कर आणि जादा वजन यांपोटी आणखी 23,000 रुपये भरल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही, असे सांगण्यात आले. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, आणि जीएसटी आल्यावर 2017 मध्ये राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे तपासणी नाके बंद झाले, ही माहिती मला नंतर मिळाली. मुलांची पुस्तके, गादी, स्वयंपाकाची भांडी सगळे त्या गाडीत होते आणि आम्ही चार माणसे रिकाम्या घरात सतरंजीवर झोपत होतो. पाचव्या दिवशी मी पैसे भरले.

सामान आले ते 38 नग. पितळी भांड्यांची दोन खोकी, मिक्सरचे खोके आणि आईचे पायाने चालवायचे शिलाई मशीन त्यात नव्हते. चालकाने हात वर केले, कारण त्याच्या हातातल्या नव्या बिल्टीवर नगच 38 लिहिलेले होते. मी लातूरला भरलेल्या गाडीच्या क्रमांकाचा फोटो ठेवला होता, पण गाडीच बदलल्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

2007 च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार हरवलेल्या मालाबद्दल वाहतूकदारावर दावा करण्यापूर्वी त्याला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तीही माल बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत. ‘आज पाठवतो, उद्या पाठवतो’ या त्यांच्या आश्वासनांत आमचे पाच महिने गेले. ते मुदत संपण्याचीच वाट पाहत होते, असे मला आता वाटते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवली होती. वकिलांना भेटल्यावर नोटीस 160 व्या दिवशी गेली. आता ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे.

तक्रारीत हरवलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत लिहावी लागते. आईने त्या मशीनवर शिवणकाम करून आम्हा दोघा भावांची शिक्षणे केली. वकिलांनी तिला किंमत विचारली, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी बाजारातल्या जुन्या मशीनचा भाव विचारून मीच आकडा लिहिला.