सार्थ भावार्थ रामायण : चैत्रापासून चवथीपर्यंत वाचल्यावर

रामनवमीला आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी एकनाथांच्या भावार्थ रामायणाची सार्थ प्रत आली. सात कांडे, २९७ अध्याय, चाळीस हजारांच्या आसपास ओव्या. वर ओवी, खाली गद्य अर्थ. दिवेलागणीनंतर रोज एक अध्याय मोठ्याने वाचायचा असे ठरले. चवथीची माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळापानांची चौकट) बांधली तेव्हा युद्धकांड चालू होते. रामाची गोष्ट घरात सगळ्यांनाच ठाऊक आहे. प्रत घेतली ती गोष्टीच्या आतल्या अर्थासाठी, म्हणून इथे मुख्यतः त्याविषयीच लिहिते.

नाथ आतली खूण बालकांडातच सांगून टाकतात. दशरथ म्हणजे दहा इंद्रिये. कौसल्या सद्विद्या, सुमित्रा शुद्ध बुद्धी, कैकेयी अविद्या, मंथरा कुविद्या. राम आनंदाची मूर्ती, लक्ष्मण आत्मप्रबोध, भरत भावार्थ, शत्रुघ्न निजनिर्धार. एवढे सांगितल्यावर ते प्रत्येक प्रसंगाला अर्थाची चिठ्ठी डकवत बसत नाहीत. कथा पूर्ण रसात सांगतात. या ग्रंथाचे मोठेपण मला इथेच वाटते. रावणाची दहा तोंडे म्हणजे दहा विकार, अशी कोष्टके हल्ली मोबाईलवर फिरत असतात. ती वाचली की रावणाविषयी कुतूहलच उरत नाही. नाथांची कैकेयी अविद्या असूनही हट्टी, घाबरलेली, हाडामांसाची बाई राहते. आणि रामाला वनाची वाट तीच मोकळी करते. ती नसती तर रावणापर्यंत कोण पोचले असते? अविद्येलाही कथेत काम आहे, हे कोष्टकातून कळत नाही.

भरतावर आम्ही बरेच दिवस रेंगाळलो. राम जवळ नाही, सिंहासन रिकामे, त्यावर पादुका, आणि कारभार मात्र चोख. आपण सगळे देवाच्या बाबतीत भरताच्याच जागी आहोत. म्हणून नाथांनी भावार्थ हे नाव लक्ष्मणाला न देता त्याला दिले, हे मला फार पटले.

सासूबाईंनी एक दिवस मध्येच विचारले, "मागीर (मग) सीता कोण?" याचे उत्तर मला अध्यात्म रामायण या संस्कृत ग्रंथात मिळाले. त्यात बालकांडाच्या पहिल्याच सर्गात सीता हनुमंताला सांगते की राम हे निर्विकार परब्रह्म, मी मूळ प्रकृती. हे सारे घडवले ते मी, आणि अजाण लोक ते रामावर लादतात. हे ऐकून सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून 'सीता रडली' असे कुठे आले की त्या अधिक लक्ष देऊन ऐकू लागल्या.

सुंदरकांड मुलीने वाचले. समुद्रावरच्या तीन अडथळ्यांचा अर्थ तिने आपला आपणच लावला. मैनाक पर्वत विसावा देऊ करतो. हनुमंत त्याला हाताने स्पर्श करून पुढे जातो. वाट अडवणाऱ्या सुरसेपुढे मोठे होण्याची चढाओढ लागते. तो एकदम लहान होऊन तिच्या तोंडातून बाहेर येतो. सिंहिका राक्षसी सावली धरते. तिला मात्र मारावेच लागते. मदत नाकारताना मान राखायचा, चढाओढीत लहान व्हायचे, आणि अदृश्यपणे मागे ओढणाऱ्याशी तडजोड करायची नाही, असे तिचे म्हणणे.

सगळ्यात खोल गेले ते देवांना रावणाच्या बंदीतून सोडवण्याचे प्रकरण. वेदान्तात प्रत्येक इंद्रियाची देवता मानली आहे : डोळ्यांचा सूर्य, वाणीचा अग्नी, हातांचा इंद्र, मनाचा चंद्र. हे देव अहंकाराच्या, म्हणजे रावणाच्या, दारात चाकर झाले, तर त्यांची सुटका म्हणजे आपल्याच इंद्रियांची सुटका. पण फोंड्यात बसून हे वाचताना दुसराही अर्थ अंगावर येतो. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून आमच्या बाजूला आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीज देवळे मोडू लागले तेव्हा, नाथांच्याच काळात. त्याच केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये मराठीत कृष्णचरित्र ओवीबद्ध केले. पणजीच्या पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आज त्याचे नाव आहे. बंदीतले देव ही आमच्याकडे नुसते रूपक म्हणून वाचण्याची गोष्ट नव्हे. आतला अर्थ खरा, आणि पालखीतून रातोरात नेलेला देवही खरा. एकाने दुसऱ्याला पुसू नये.

आता प्रतीविषयी. अक्षर बारीक आहे. चष्मा लावूनही वृद्धांना जमत नाही, म्हणून मोठ्याने वाचणेच बरे. गद्य अर्थ बाहेरच्या कथेपुरता नीट आहे, पण रूपकाच्या ओव्यांवर तो घाईने पुढे सरकतो. तिथे मूळ ओवी दोनदा वाचावी, ती जास्त बोलते. बांधणी कच्ची आहे. आषाढात पाने ओलसर झाली आणि पुठ्ठ्यावर बुरशी धरली. गोव्यात घेणाऱ्यांनी आधी कापडी बांधणी करून घ्यावी आणि पावसाळ्यात ग्रंथ बंद कपाटात ठेवू नये.

झटपट सारांश हवा असेल त्यांनी घेऊ नये. घरात ऐकणारे एखादे म्हातारे माणूस आणि प्रश्न विचारणारे एखादे मूल असेल, तर जरूर घ्यावा. युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंतची रचना नाथांची, पुढची त्यांचा शिष्य गावबा याची असे परंपरा सांगते. आम्ही त्या ठिकाणी आता पोचतो आहोत. उत्तरकांड दिवाळीनंतर लावू.