मॉन्स्टेरा म्हणून घेतला, निघाला मनीप्लांट! 16 महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका नर्सरीतून मॉन्स्टेरा (मोठ्या चिरलेल्या पानांचा शोभेचा वेल) म्हणून 600 रुपयांना रोप घेतलं. तीन मोठाली चिरलेली पानं होती, फोटोत दिसतात तशीच, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. पण घरी (दापोलीला) पडवीत कुंडी ठेवल्यावर येणारं प्रत्येक नवीन पान आधीच्यापेक्षा लहान! चौथं तर पंजाएवढंच, अख्खं, एकही चीर नाही आणि वर पिवळे शिंतोडे. मला वाटलं खत कमी पडतंय, शेणखत घातलं, काही फरक नाही. शेवटी आईच म्हणाली, अगं हा तर आपल्या बाटलीतला मनीप्लांट.

तोच होता. मनीप्लांटला झाडावर चढायला मिळालं की पानं मोठी होत जातात आणि मग चिरतात, आणि कुंडीत आधाराशिवाय ठेवला की परत लहान. नर्सरीवाल्याने जुन्या चढलेल्या वेलाचा शेंडा कापून लावलेला असणार. राग आला खरा, कारण पैसे मॉन्स्टेराचे घेतले.

मावशीकडे खरा मॉन्स्टेरा आहे, तिथलं एक पान आणून दोन्ही शेजारी ठेवून नीट बघितली. मॉन्स्टेराला मधल्या शिरेजवळ वेगळी लांबट भोकं असतात, कडेपर्यंत न पोचणारी, आणि देठ पानाला मिळतो तिथे सुरकुतलेला, झालरीसारखा भाग असतो. मनीप्लांटच्या चिरा कडेकडून आत जातात, खोडावर उभ्या फिकट रेघा असतात आणि पिवळा शिंतोडा बहुतेकदा कुठेतरी सापडतो. नुसता पानाचा आकार बघून घेऊ नका. अभ्यासकांनाही मनीप्लांटने चकवलंय, 1880 मध्ये याला पोथॉस या दुसऱ्याच वंशातला म्हणून नाव दिलं, मग फूल जवळजवळ कधी येतच नसल्यामुळे नावं बदलतच राहिली. मूळचा हा पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटाचा.

त्याच वर्षी जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर जमिनीत लावायचं ठरवलं. मी सुपारीच्या बुडाशी खड्डा काढला तर बाबा म्हणाले, वेल चढवलास तर सुपारी काढायला माणूस चढणार कसा? बरोबरच होतं. मग मागच्या रायवळ आंब्याला लावला, साल खडबडीत असल्यामुळे मुळं लगेच धरतात. पालापाचोळा आणि शेणखत घालून आळं केलं, वेल सुंभाने सैलसर बांधला, बस्स. पंधरा दिवसांत पेराजवळून निघालेली मुळं सालीच्या भेगांत अशी घुसली की सुंभ सोडला तरी वेल हलला नाही.

आता ऑगस्टमध्ये साधारण नऊ फुटांवर गेलाय. खालची पानं अजून लहानच आहेत पण सात फुटांच्या वर पान दीड फुटाचं झालंय, आणि गेल्या आठवड्यात उलगडलेल्या पानाला दोन्ही बाजूंनी चिरा! सकाळी ते गुंडाळलेलं होतं, फिकट हिरवं, ओलसर, संध्याकाळपर्यंत अर्धं उघडलं, मी तीनदा जाऊन बघून आले.

त्रास म्हणाल तर यंदा मे महिन्यात पश्चिमेकडची दोन पानं उन्हाने करपली, सावलीची बाजू निवडायला हवी होती. उन्हाळ्यात दिवसाआड पाणी घातलं. आणि छाटताना चीक मनगटाला लागून चांगलीच खाज सुटली, अळूच्याच कुळातला आहे ना, तसेच सुईसारखे स्फटिक असतात यात. हातमोजे घालाच, आणि लहान मुलं, वासरं, मांजरं पान चावणार नाहीत असं बघा.

एक मात्र कळकळीने सांगते, छाटलेले तुकडे राईत, ओढ्याकाठी टाकू नका. पेर जमिनीला लागलं की रुजतं. श्रीलंकेत कँडीच्या उडवत्तेकेले अभयारण्यात याने केवढी जागा व्यापलीय. मी तुकडे उन्हात पूर्ण वाळवते, मगच खतात.

झाडाला पाचपैकी पाच, नर्सरीला एक. खरा मॉन्स्टेरा मावशी दिवाळीत देणार आहे, तो विहिरीजवळच्या सावलीत लावेन.