ट्रिस्टन वाचायचा तर नॉर्वेचा की बेलारूसचा?

युरोपातल्या मध्ययुगीन शूर सरदारांच्या कथा म्हटलं की आपली गाडी आर्थर राजा आणि त्याच्या गोल मेजापाशी थांबते. पण त्याच कथा उत्तरेला नॉर्वे-आइसलँडात पोचल्या, पूर्वेला स्लाव भाषांत पोचल्या आणि तिथे मुरून पार वेगळ्या चवीच्या झाल्या. दोन्हीकडचं सगळं वाचायला सवड नसेल, तर एकच गोष्ट धरून निवड करावी: ट्रिस्टन आणि इसोल्डची. मामासाठी नवरी आणायला गेलेला भाचा, परतीच्या जहाजावर चुकून दोघांनी प्यायलेलं प्रेमाचं पेय आणि पुढे जन्मभराचा घोळ. मूळ धागा दोन्हीकडे हाच.

नॉर्वेची सागा, म्हणजे तिकडची जुनी गद्य कथा, आधीची. तिच्या आरंभीच नोंद आहे की राजा हाकोनच्या आज्ञेवरून ब्रदर रॉबर्ट नावाच्या धर्मबंधूने ती १२२६ साली नॉर्स भाषेत आणली. हाकोनला फ्रेंच दरबारी कथांची भारी हौस. अशी आणखीही भाषांतरं त्याने करवून घेतली. रॉबर्टने थॉमस नावाच्या कवीचं पद्य गद्यात उतरवलं आणि प्रेमावरच्या लांबलचक चिंतनाला कात्री लावली. माझ्या मते बरंच केलं. वाचताना एखादी बखर वाचल्यासारखं वाटतं: घटना, मग पुढची घटना, मध्ये उसासे नाहीत. थॉमसच्या काव्याचे आज तुकडेच उरलेत, त्यामुळे त्याची अख्खी कथा हवी असेल तर याच सागेकडे यावं लागतं. तीही आइसलँडच्या लोकांनी नकला करत ठेवली म्हणून वाचली. पूर्ण प्रत सतराव्या शतकातली, कागदावरची.

या सागेतला एक प्रसंग मात्र सावकाश वाचा. ईसॉन्डपासून (सागेत इसोल्डचं नाव हे) दुरावलेला ट्रिस्ट्राम, म्हणजे ट्रिस्टन, एका राक्षसाच्या गुहेत तिचा पुतळा करवून घेतो. पुतळ्याच्या छातीत छिद्र पाडून आत सुगंधी वनस्पतींची पूड भरलेली डबी बसवलेली. तिथून सोन्याच्या दोन नळ्या निघतात, एक मानेपाशी केसांच्या मुळाशी, दुसरी तोंडाशी, म्हणजे पुतळा श्वास घेतोय आणि श्वासाला सुवास आहे असं वाटावं. शेजारी तिच्या कुत्र्याचाही पुतळा, डोकं हलवून घंटा वाजवणारा. ट्रिस्ट्राम तिथे जातो, पुतळ्याला मिठी मारतो, त्याच्याशी बोलतो, कधी चिडतोही. विरहाची इतकी यांत्रिक आणि तरीही काळजाला भिडणारी कल्पना मी दुसरीकडे वाचलेली नाही. शेवटी दोघांना चर्चच्या दोन विरुद्ध बाजूंना पुरतात, पण थडग्यांवर उगवलेली झाडं छपराच्या वर जाऊन एकमेकांत गुंततात.

बेलारूसचा त्रिश्चान, म्हणजे तिथला ट्रिस्टन, याच्या अगदी उलट. १५८० च्या सुमाराची ही हस्तलिखित प्रत आज पोलंडमध्ये पोझ्नानच्या ग्रंथालयात आहे, आणि मथळ्यातच म्हटलंय की ही कथा ‘सर्बियन पुस्तकांतून’ घेतली. ती सर्बियन पुस्तकं आजवर कुणाच्या हाती लागलेली नाहीत. इथे प्रेम आहे, पण गर्दीत. खरा रंग चढतो तो झुंजींना: कोणी कोणाला घोड्यावरून पाडलं, कोणाची ढाल फुटली, कोण नाव न सांगता आला आणि जिंकून गेला. शेवट तर वाचणाऱ्याला चकित करतो. जखमी त्रिश्चानवर इझोता (इथली इसोल्ड) उपचार करते, आणि लेखक सरळ सांगून टाकतो की त्या जखमांतून तो बरा झाला की मेला, मला ठाऊक नाही. त्याच्याबद्दल इथवरच लिहिलंय. पानं हरवली असतील असा संशय येतो, पण वाक्य तसं पुरं आहे.

पहिलंच पुस्तक असेल तर नॉर्वेचा घ्या. पॉल शाख यांचं इंग्रजी भाषांतर (१९७३) सोपं आहे. बेलारूसच्या कथेचं झोरा किपेल यांनी इंग्रजीत केलेलं भाषांतर (१९८८) आहे, पण झुंजींची यादी सोसायची तयारी हवी. ज्यांना लढाईची वर्णनं आवडतात त्यांनी मात्र माझं ऐकू नये, थेट त्रिश्चान उचलावा.

स्लाव बाजूला अन्याय नको म्हणून एक सांगतो: त्याच पोझ्नानच्या प्रतीत बोवा नावाच्या शूर वीराची कथाही आहे, आणि तीच पुढे रशियात घराघरात पोचली. जत्रेत विकल्या जाणाऱ्या स्वस्त चित्रपोथ्यांमधून ‘बोवा राजपुत्र’ एकोणिसाव्या शतकापर्यंत वाचला जात होता. इटलीकडून रशियापर्यंतच्या या कथेच्या प्रवासात नावांचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. इटालियनमध्ये ‘मेरेत्रिचे’ म्हणजे वेश्या. रशियनमध्ये हीच शिवी बोवाच्या दुष्ट आईचं खानदानी नाव होऊन बसली, मिलित्रिसा. ही बाई स्वतःच्या पोराला सापाच्या चरबीत मळलेले पाव पाठवते. दासी वेळीच सावध करते म्हणून तो वाचतो आणि पाव खाल्लेली कुत्री मरतात. इटालियन कथेतला अर्धा माणूस, अर्धा कुत्रा पुलिकाने रशियात पोल्कान झाला. रशियनमध्ये ‘पोल’ म्हणजे अर्धा आणि ‘कोन’ म्हणजे घोडा, त्यामुळे लोकांनी त्याला अर्धा घोडाच ठरवून टाकला. आणि गंमत म्हणजे पोल्कान हे नाव शेवटी पुन्हा कुत्र्यांकडेच गेलं; रशियात राखणीच्या कुत्र्यांना ते आजही ठेवतात.